भंगारात देण्याआधी जरा थांबा

आज एका बोटभर लांबीच्या गाडीबद्दल बोलायचं आहे.

उदगीर भागातल्या आमच्या गटातली एक ताई बैठकीत म्हणाली, "लेकीची फी भरायचीय. सासऱ्यांच्या ट्रंकेतली जुनी भांडी अन् एक खेळण्यातली गाडी भंगारवाल्याला देऊन टाकते." आम्ही गाडी मागवून पाहिली. पोटाखाली इंग्रजीत 'मॉरिस मायनर ट्रॅव्हलर' असं लिहिलेलं. खोकंसुद्धा शाबूत.

मूळ गाडी इंग्लंडची. १९५३ ते १९७१ या काळात ती तिथं बनत होती. मागं सामानासाठी लांब जागा, दोन्ही बाजूंना उघडणारं दार आणि मागच्या भागाला खऱ्या लाकडाची चौकट. आपल्या रस्त्यांवरची अ‍ॅम्बेसडरही याच मॉरिसच्या 'ऑक्सफर्ड' गाडीवरून घडवलेली.

अशा गाडीचा हुबेहूब लहान नमुना करतात. जस्ताचा मिश्रधातू वितळवून पोलादी साच्यात दाबानं भरतात. बरेच नमुने ४३ पट लहान असतात. म्हणजे खरी गाडी पावणेचार मीटर, तर नमुना पावणेनऊ सेंटिमीटर. जुने नमुने जमवणारे शौकीन जगभर आहेत.

भंगारवाला वजन बघतो. शौकीन बघतो मूळ रंग, सगळे सुटे भाग आणि खोकं. म्हणून असं काही सापडलं तर चिंच-राखेनं घासू नका, नवा रंग देऊ नका, खोकं चुलीत घालू नका. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा आणि ओलीपासून लांब ठेवा. लहान लेकरांच्या हातात मात्र देऊ नका. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं, ते पोटात जाणं घातक.

विकायचंच असेल तर वरून, खालून आणि खोक्यासकट फोटो काढा. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. पैसे हातात आल्याशिवाय वस्तू देऊ नका. प्रत्येक जुनी गाडी मोलाची असतेच असं नाही, पण विचारायला पैसे लागत नाहीत.

फीची तारीख मात्र थांबणार नव्हती. म्हणून आम्ही गटाच्या बचतीतून ताईला कर्ज दिलं. फी भरली गेली. गाडी अजून तिच्या कपाटात आहे, भाव विचारणं चालू आहे. विकायची की ठेवायची, हे आता ती आणि लेक मिळून ठरवतील. नडीला विकलेल्या वस्तूला भाव येत नाही, हे आपल्याला सोयाबीननं शिकवलंच आहे. ही नड भागवायलाच तर आपला गट आहे.