बॅटरी नवी, अल्टरनेटरही नवा. तरीही मोटार वारंवार बंद का पडते?

रायपूर : मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो आणि छत्तीसगडमध्ये नवतपा सुरू होतो. या दिवसांत रायपूरचा पारा अनेकदा ४५ अंशांच्या आसपास जातो. शंकर नगरसारख्या निवासी भागात रस्त्याच्या कडेला उन्हात उभ्या असलेल्या मोटारींच्या बॉनेटखाली त्याहूनही अधिक उष्णता साठते. बॅटरीचे आयुष्य खऱ्या अर्थाने याच काळात घटते. मात्र ती निकामी झाल्याचे कित्येकदा डिसेंबरातील एखाद्या सकाळी, किल्ली फिरवल्यावर नुसता 'टक्' असा आवाज आला की लक्षात येते. त्यामुळे दोष थंडीला दिला जातो आणि नवी बॅटरी घेतली जाते.

एकदा असे घडले तर त्यात विशेष काही नाही. वाहनातील लेड-अॅसिड बॅटरी ही झिजणारीच वस्तू आहे. प्रश्न निर्माण होतो तो सहा-आठ महिन्यांत तीच तक्रार पुन्हा आल्यावर. मग अल्टरनेटर बदलला जातो, काही महिन्यांनी पुन्हा बॅटरी, आणि हजारो रुपये खर्चूनही गाडी रात्रीच्या वेळी नेमकी कुठे दगा देईल याची धास्ती कायम राहते. अशा वेळी लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, वारंवार निकामी होणारा भाग हा पुष्कळदा बिघाडाचे कारण नसून त्याचा बळी असतो.

बॅटरी आणि अल्टरनेटर यांचे नाते परस्परावलंबी आहे. बॅटरीचे मुख्य काम इंजिन सुरू करून देण्याचे. इंजिन सुरू झाल्यावर दिवे, वातानुकूलन यंत्रणा, पंखे आणि संगणकीय प्रणाली यांना वीज पुरवून उरलेल्या विजेतून बॅटरी भरण्याचे काम अल्टरनेटर करतो. अल्टरनेटर दुबळा असेल तर बॅटरी अर्धवट भरलेली राहते आणि तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण थर बसतात. उलट, बॅटरी आतून खराब असेल तर ती भरण्याच्या व्यर्थ खटाटोपात अल्टरनेटर सतत पूर्ण क्षमतेने चालून तापतो आणि त्यातील डायोड जळतात. म्हणजे दोघांपैकी एकच बदलला, तर उरलेला जुना भाग नव्याला खराब करू शकतो. दोन्ही बदलूनही तक्रार कायम असेल, तर दोष तिसरीकडे आहे असे समजावे.

तपासणीसाठी महागडे यंत्र लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे रिकामी. सेल्फ मारताना हा आकडा साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू झाल्यावर बॅटरीच्या टर्मिनलवर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. हीच मोजणी हेडलाइट, एसी आणि पंखा पूर्ण वेगात सुरू ठेवून, इंजिनाचा वेग थोडा वाढवून पुन्हा करावी. भार नसताना उत्तम दिसणारी यंत्रणा भाराखाली कोलमडते, आणि बहुतेक निदाने इथेच चुकतात.

सर्वाधिक दुर्लक्षित राहते ती वायरिंग आणि अर्थिंग. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाणारी जाड तार, इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी आणि टर्मिनल यांवर कालांतराने गंज चढतो किंवा पकड ढिली होते. त्या जोडात केवळ एक शतांश ओहमचा अडथळा निर्माण झाला तरी ६० अँपिअरचा प्रवाह वाहताना ०.६ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देत असतो; बॅटरीला मिळतात १३.६. शहरातल्या लहान फेऱ्यांत एवढ्यावर तिचे पोट कधीच भरत नाही. विशेष म्हणजे साध्या मीटरने तारेचा रोध मोजला तर हा दोष दिसतही नाही, कारण इतका सूक्ष्म रोध तो नीट दाखवू शकत नाही. दुकानात नेलेली बॅटरी चाचणीत नापास होते, ती खरोखरच खराब झालेली असते, नवी बसते आणि तीच गंजलेली पट्टी तिचाही घास घेते.

हा दोष पकडण्याची पद्धत सोपी आहे. इंजिन चालू ठेवून व सर्व भार लावून मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलवर आणि दुसरे बॅटरीच्या धन टर्मिनलवर ठेवावे. नंतर अल्टरनेटरची धातूची काया आणि बॅटरीचे ऋण टर्मिनल यांच्यात मोजावे. या वेळी पट्टा आणि फिरत्या पंख्यापासून हात व तारा दूर ठेवणे आवश्यक. दोन्ही ठिकाणी साधारण ०.२ व्होल्टपर्यंतचा फरक क्षम्य आहे. त्याहून बराच अधिक असेल तर आधी जोड घासून स्वच्छ करावेत किंवा तार बदलावी, नव्या सुट्या भागाचा विचार नंतर. काही गाड्यांत नियामकाला बॅटरीचे व्होल्टेज कळवणारी वेगळी बारीक तार असते. तिच्यात अडथळा आला तर परिणाम नेमका उलटा होतो. बॅटरी रिकामी आहे असे समजून नियामक व्होल्टेज १५ च्या पुढे नेतो, बॅटरीतील पाणी उडते, उग्र वास येतो आणि दिवे लवकर जळतात. ही लक्षणे दिसली तर बॅटरी उपाशी नसून अतिभाराने मरत आहे, हे ओळखता येते.

उभ्या गाडीतील विजेची गळती हे दुसरे मोठे कारण. रायपूरच्या अनेक मराठी कुटुंबांची सुट्टीत रेल्वेने नागपूरला ये-जा असते; गाडी आठ-दहा दिवस दाराशी उभी राहते. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म आणि कुलूप यंत्रणा किंचित वीज घेतात. ती सुमारे ५० मिलिअँपिअरपर्यंत असेल तर चिंता नाही, कारण दिवसाला सव्वा अँपिअर-तासाहूनही कमी खर्च होतो. मात्र बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, डॅशकॅम किंवा जीपीएस चुकीच्या जोडणीमुळे ५०० मिलिअँपिअर खेचू लागला, तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. ५५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन-अडीच दिवसांत निम्म्यावर येते. ही मोजणी करताना गाडी कुलूपबंद करून अर्धा-पाऊण तास थांबावे लागते, कारण आधुनिक गाड्यांतील संगणकीय घटक लगेच 'झोपत' नाहीत. घाईत घेतलेला आकडा फसवा असतो. मीटर साखळीत जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नये. गळतीचा उगम कधी कधी अल्टरनेटरच्या खराब डायोडमध्येही सापडतो. इंजिन चालू असताना मीटर एसी मापनावर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले, तर तो संशय बळावतो.

अल्टरनेटर पुन्हा पुन्हा जळत असेल तर त्याच्या वर आणि शेजारी पाहावे. त्यावर ठिबकणारे इंजिन ऑइल किंवा कूलंट कार्बन ब्रश व बेअरिंग खराब करते. ढिला पट्टा पावसाळ्यात चिरकतो आणि घसरतो. नवा अल्टरनेटर बसवून त्याला पूर्ण रिकामी बॅटरी भरायला लावणे हीदेखील नेहमीची चूक आहे. बॅटरी आधी वर्कशॉपच्या चार्जरवर पूर्ण भरून मगच गाडी रस्त्यावर काढावी. जुन्या गाड्यांत आणखी एक गंमत असते. डॅशबोर्डवरील बॅटरीच्या चिन्हाचा बल्ब हा केवळ इशारा नसतो, त्यातून जाणाऱ्या प्रवाहानेच अल्टरनेटर जागा होतो. बल्ब गेला की निर्दोष अल्टरनेटरही स्वस्थ बसू शकतो.

उष्णतेचा वाटा या सगळ्यात पायाभूत आहे. तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो, असा ढोबळ नियम मानला जातो. बॅटरीतील पट्ट्यांची झीजही त्याच गतीने वाढते. त्यामुळे विदर्भ, तेलंगण किंवा छत्तीसगडमधील बॅटरीची तुलना बंगळुरूमधल्या बॅटरीशी करणे योग्य ठरत नाही. शंकर नगर ते पंडरी अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या, सिग्नलवर मंद चालणारे इंजिन आणि त्यात पूर्ण वेगाने सुरू असलेला एसी, यांतून बॅटरीच्या वाट्याला फारसे काही उरत नाही.

अलीकडच्या गाड्यांत मात्र निष्कर्षाची घाई धोक्याची आहे. इंधन वाचवण्यासाठी संगणक गरजेनुसार अल्टरनेटरचे व्होल्टेज कमी-जास्त करतो; मीटरवर काही काळ १३ च्या खालचा आकडा दिसणे हा तिथे दोष नव्हे. सिग्नलवर आपोआप इंजिन बंद करणाऱ्या गाड्यांना विशिष्ट प्रकारची बॅटरी लागते. स्वस्त म्हणून साधी बसवली तर ती लवकर जाणारच.

इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून अल्टरनेटर तपासण्याची जुनी पद्धत आजही काही ठिकाणी वापरली जाते. त्यामुळे व्होल्टेज क्षणार्धात उसळून गाडीचा संगणक निकामी होऊ शकतो. वाहनधारकाने त्यास स्पष्ट नकार द्यावा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे जवळ ठिणगी किंवा सिगारेट नको.

नवी बॅटरी घेताना तिच्यावरील उत्पादनाचा महिना पाहावा, वॉरंटी कार्डावर बसवल्याची तारीख लिहून घ्यावी आणि त्याच वेळी इंजिन बंद, चालू व भाराखाली असे तीन आकडे पावतीच्या मागे नोंदवून ठेवावेत. पुढच्या वेळी मेकॅनिकला तुलनेसाठी तेच उपयोगी पडतात. जुनी बॅटरी, तीत शिसे व आम्ल असल्याने, कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलकाकडे द्यायची आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी अन्य कचऱ्यापासून वेगळी ठेवून सोपवणे ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे.