घरशाळेला हवी दुसरी नजर

समजा, नंदाखालच्या एका घरात पाच वर्षांची मुलगी आहे. आईवडील तिला शाळेत न घालता घरीच शिकवतात. सकाळी आजोबांनी वाडीतून केळीचा घड उतरवून ओटीवर ठेवला की तिचा पहिला तास सुरू होतो. घडाला फण्या किती? देठाकडच्या फणीत केळी किती आणि टोकाकडच्या फणीत किती? टोकाकडे कमी का? दुपारी आईबरोबर तांदूळ घेताना तिला कळते की दोन अर्ध्या वाट्या मिळून एक वाटी होते. पावसाळ्यात बावखलाच्या काठी बेडकाची शेपटीवाली पिल्ले दिसतात. आठवडाभराने त्यांना पाय फुटलेले दिसतात आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. संध्याकाळी दिवसभराची हकिगत ती आजीला सामवेदीत सांगते आणि शेजारच्या ताईला मराठीत.

या पद्धतीला होमस्कूलिंग म्हणतात, कोणी घरशाळा म्हणते. अशा पालकांना नातेवाईक एकच प्रश्न विचारतात, ‘पोर मागे नाही का पडणार?’ गणित, भाषा आणि निरीक्षण यांपुरते बोलायचे तर या वयात असे शिकणारे मूल मागे पडण्याचे कारण नाही. काळजी करण्यासारखी गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शाळा मुलाला शिकवते, तशीच ती मुलाकडे बघतेही. घरच्यांच्या नजरेतून सुटलेले तिथे दुसऱ्या कोणाला दिसते. घरशाळेत ही दुसरी नजर आपोआप मिळत नाही.

हात आधी, अक्षर नंतर

मुलाचा मेंदू पहिल्या सहा वर्षांत झपाट्याने वाढतो. सहाव्या वर्षापर्यंत त्याचे आकारमान प्रौढ मेंदूच्या सुमारे ९० टक्के झालेले असते. या काळात मेंदूतील पेशींमध्ये असंख्य जोडण्या तयार होतात. ज्या वारंवार वापरल्या जातात त्या पक्क्या होतात आणि ज्या वापरात येत नाहीत त्या हळूहळू छाटल्या जातात. जोडण्या पक्क्या व्हायला लागते ती देवाणघेवाण. मुलाने काही विचारावे, मोठ्याने उत्तर द्यावे, त्यातून मुलाला पुढचा प्रश्न सुचावा. केळीच्या घडाभोवती नेमके हेच घडते. मोबाइलवरचा व्हिडिओ बोलतो खूप, पण मुलाचे ऐकून उत्तर देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल व्हावी, त्यातली ६० मिनिटे धावपळीची असावीत, पडद्यासमोर एका तासापेक्षा जास्त वेळ जाऊ नये आणि १० ते १३ तास झोप मिळावी, असे त्यात म्हटले आहे. वाडी असलेल्या घरात हालचालीचा हिशेब सहज जुळतो. पण फ्लॅटमधली घरशाळा अनेकदा टॅबलेटवरच्या धड्यांची होते आणि मग घरी शिकण्याचा मुख्य फायदाच हातचा जातो.

लिहिण्याची घाईही नको. या वयात मनगटातली छोटी हाडे पुरती कठीण झालेली नसतात आणि बोटांच्या स्नायूंवर ताबा येत असतो. वालाच्या शेंगा सोलणे, फुले ओवणे, पीठ मळणे, सुतळीला गाठ मारणे ही सगळी पेन्सिल धरण्याची पूर्वतयारीच आहे. तीन वर्षांच्या मुलाकडून पानभर अक्षरे गिरवून घेतली तर हात दुखतो आणि लिहिण्याचा कंटाळा मात्र लवकर येतो.

भाषेचेही तसेच. इंग्रजीच्या धास्तीने घरची बोली बंद करणारे पालक वसईत कमी नाहीत. खरे तर ज्या भाषेत आजी गोष्ट सांगते, त्याच भाषेत मुलाचा शब्दसाठा आधी भरतो. पुढच्या भाषा त्या पायावर उभ्या राहतात. एकाच वेळी दोन-तीन भाषा कानावर पडल्याने बोलण्यात दोष निर्माण होत नाही. सामवेदी बोलीच्या या नंदाखालमध्ये जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे इथल्या पालकांनी ध्यानात ठेवावे.

याच जिल्ह्यातली वाट

आसपासच्या वस्तूंतून शिकवण्याची ही पद्धत परदेशातून नव्याने आलेली वाटते. पण पालघर जिल्ह्याला ती जुनी आहे. तिचा एक धागा वैद्यकशास्त्राशी जुळतो. मारिया माँटेसरी मुळात डॉक्टर होत्या. १८९६ मध्ये रोम विद्यापीठातून त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली, मतिमंद समजल्या जाणाऱ्या मुलांबरोबर काम केले आणि १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. मूल हाताने काम करत शिकते, हे त्यांनी मुलांचे निरीक्षण करून मांडले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी हा विचार आपल्या मातीत आणला.

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. महागडी लाकडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावर नेली. अंगणात भरते ती अंगणवाडी. गुरे चारायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडला गेले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले.

या कामातली एक गोष्ट आजच्या घरशाळेने उचलायला हवी. पाड्यावर गेलेल्या बाई आधी मुलांना आंघोळ घालत, नखे कापत, खरूज किंवा डोळे आले आहेत का ते बघत. मग गाणी, गोष्टी आणि मोजणी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्यातही पूर्वशालेय शिक्षणाच्या जोडीला पूरक आहार, लसीकरण आणि आरोग्य तपासणी ठेवलेली आहे. शिक्षण अंगणात आले तेव्हा आरोग्यही बरोबर आले. घरी शिकवणारे पालक पहिला अर्धा भाग मनापासून घेतात, दुसरा मात्र राहून जातो.

जे घरच्यांना दिसत नाही

पुन्हा ओटीवरच्या त्या मुलीकडे येऊ. ती केळी बिनचूक मोजते. पण समजा, तिचा डावा डोळा जन्मापासून कमजोर आहे. उजव्या डोळ्याने तिचे सगळे व्यवहार चालतात. ती तक्रार करत नाही, कारण दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसणे म्हणजे काय हे तिला माहीतच नाही. मेंदू हळूहळू डाव्या डोळ्याकडून आलेले चित्र बाजूला सारतो. याला आळशी डोळा म्हणतात. लवकर लक्षात आले तर चष्मा देऊन आणि चांगला डोळा रोज काही तास झाकून तो सुधारता येतो. सात-आठ वर्षांनंतर उपचारांना मिळणारा प्रतिसाद घटत जातो. शाळेत फळा नीट न दिसणारे मूल बाईंच्या लक्षात येण्याची शक्यता असते. ओटीवर फळा नसतो.

कानाचेही तसेच. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठले की ऐकू कमी येते. ‘हाक मारली तर ऐकतच नाही, खेळात रमली आहे’ असे घरचे म्हणतात. महिनोन् महिने असेच गेले तर उच्चार आणि भाषा मागे पडतात. वाचनातील अडचणीही वर्गात लवकर उठून दिसतात, कारण शेजारी त्याच वयाची पंचवीस मुले असतात. घरी तुलनाच नसते. तुलना नसणे मुलाच्या मनाला चांगले, पण निदानाला मारक.

सरकारी यंत्रणेतली बरीच तपासणी अंगणवाडी आणि शाळा या दोन दारांतूनच मुलापर्यंत पोहोचते. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा, तर सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदा येतात. जंतनाशक दिनी गोळ्या मिळतात त्या शाळेत किंवा अंगणवाडीत. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना दर आठवड्याला द्यायची लोहाची गुलाबी गोळी मुख्यतः शाळेत वाटली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे खात्यापित्या घरातल्या मुलांनीही हा विषय सोडून देण्यासारखा नाही. घरी शिकणारे मूल सहा वर्षांचे झाले की ही दोन्ही दारे त्याच्यासाठी बरीचशी बंद होतात आणि घरात ते कोणाला जाणवतही नाही.

वर्षातून एकदा एवढे करा

दरवर्षी वाढदिवसाच्या आठवड्यात मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. उंची-वजन वाढीच्या तक्त्यावर नोंदवावे. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्यावेत, पहिली तपासणी तीन-चार वर्षांच्या सुमारास व्हावी. ऐकण्याबद्दल थोडीही शंका असेल तर श्रवणचाचणी करावी. दात आणि हिमोग्लोबिन बघावे. पाच ते सहा वर्षांदरम्यानचा डीपीटीचा बूस्टर आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीची टीडी लस चुकवू नये. जंतनाशक गोळीसाठी अंगणवाडी सेविकेकडे नाव द्यावे. शाळाबाह्य मुलांनाही ती मिळते.

उजेडात खेळणे चालू राहू द्यावे. चीनमधील ग्वांगझू येथे सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जास्तीची मैदानावर दिली. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी ३०.४ टक्क्यांना लघुदृष्टी आली, तर नेहमीच्या वेळापत्रकातल्या मुलांमध्ये हे प्रमाण ३९.५ टक्के निघाले. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

वाडीत शिकताना वाडीतले धोकेही ओळखावेत. एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या जगभरातल्या प्रमुख कारणांत बुडणे येते. बावखल आणि विहिरीपाशी लहान मूल एकटे नको, मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे. फवारणीचे औषध पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये.

समवयस्कांची संगतही रोज हवी. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हरणे, भांडून पुन्हा खेळायला लागणे हे आईवडील शिकवू शकत नाहीत, कारण ते बहुधा मुलाला जिंकू देतात.

राहिला कायदा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे त्यानुसार पालकांचे कर्तव्य आहे आणि घरशाळेचा वेगळा उल्लेख त्यात नाही. त्यामुळे सहाव्या वर्षाआधीच नीट चौकशी करून पुढचे ठरवावे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत तिसरी, पाचवी, आठवीच्या समकक्ष पातळ्या उपलब्ध आहेत. मुंबईची मालविका जोशी सातवीनंतर शाळा सोडून घरी शिकली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत गेली, हे उदाहरण नेहमी दिले जाते. पण तिच्यामागे आधीची काही वर्षे शाळेची होती आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडची पदके होती. त्यावरून पाच वर्षांच्या मुलाचा निर्णय घेऊ नये.

घरी शिकवायचे की शाळेत घालायचे, हा निर्णय त्या त्या घराचा. ज्यांनी घरचा रस्ता धरला त्यांनी केळीचा घड, तांदळाची वाटी आणि बेडकाची पिल्ले सोडू नयेत. त्या वेळापत्रकात वर्षातला एक दिवस तपासणीसाठी लिहून ठेवावा. त्या मुलीचा डावा डोळा पाचव्या वर्षी कोणी तपासला, तर बहुधा एका चष्म्यावर आणि काही महिन्यांच्या पट्टीवर काम भागेल. दहाव्या वर्षी उशीर झालेला असेल.