एक्स-मेन, मॅग्नेटो आणि मसूरची बैलगाडी

वडूजला मी ज्या महाविद्यालयात शिकवतो, तेथे गेल्या वर्षी दोन विद्यार्थ्यांत कडाक्याचा वाद झाला. प्रोफेसर झेवियर बरोबर की मॅग्नेटो बरोबर, हा त्या वादाचा विषय. दोघेही आपल्याच वस्त्यांतले, एक बौद्ध, दुसरा मातंग. एक्स-मेनचे हिंदीत आणलेले चित्रपट मोबाइलवर पाहून त्यांनी आपापली बाजू ठरवली होती. "सर, तुम्हीच सांगा," असे म्हणत ते माझ्याकडे आले. मला सांगता आले नाही. ज्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोचले नाही, त्या घरात परदेशी चित्रकथा कोठून येणार? म्हणून मी त्या मिळवून वाचल्या. हा पोरखेळ आहे असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण आपली मुले न्याय-अन्यायाचा वाद जेथे घालतात, ती जागा आपल्याला ठाऊक असली पाहिजे.

अमेरिकेतील मार्व्हल कंपनीने ही मालिका १९६३ साली सुरू केली. लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक कर्बी. काही माणसे जन्मतःच अचाट शक्ती घेऊन येतात. त्यांना म्युटंट म्हणतात, आणि बाकीचा समाज त्यांचा द्वेष करतो, तो केवळ जन्मावरून. झेवियर अशा मुलांना एकत्र करून शाळा चालवतो. त्याचे म्हणणे, समाजाशी सलोखा होईल. मॅग्नेटोचे म्हणणे, सलोखा होणार नाही, सत्ता आपल्याच हाती हवी. १९८१ साली ख्रिस क्लेअरमॉन्ट या लेखकाने मॅग्नेटोला ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेला माणूस म्हणून दाखवले. तेव्हापासून वाचकांत जी फूट पडली, ती आजतागायत मिटलेली नाही.

जन्मावरून द्वेष म्हटल्यावर आपले कान टवकारणारच. पण जरा थांबावे. १९६३ मधले झेवियरचे पाचही विद्यार्थी गोरे आहेत. त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासह लाखोंचा मोर्चा वॉशिंग्टनला गेला होता; आणि जन्मजात अन्यायाच्या या कथासंघात एकही काळा मुलगा नाही! मालिका फारशी चाललीही नाही. १९७० पासून काही वर्षे जुनेच अंक पुन्हा छापले जात होते. १९७५ साली लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी देशोदेशींच्या पात्रांचा नवा संघ उभा केला. त्यात केनियाहून आलेली स्टॉर्म होती, तसा अपाचे जमातीचा थंडरबर्डही होता. थंडरबर्ड तिसऱ्याच अंकात मेला. मूलनिवासी योद्ध्यालाच पहिला बळी का दिला, ही तक्रार पुढे अनेक वाचकांनी केली. ती मला पटते.

दुसरी तक्रार अधिक खोल आहे. डोळ्यांतून आग ओकणाऱ्या माणसाची समाजाला भीती वाटली, तर ती एक वेळ समजू शकते. पण महाराची भीती गावाला कशाची होती? त्याच्या श्रमावर तर गाव उभे होते. वेठ त्याने करायची, मेलेले ढोर त्याने ओढायचे, आणि विटाळही त्याचाच. शक्तिमंताचा द्वेष आणि ज्याला निःशस्त्र करून ठेवले आहे त्याचा द्वेष, हे दोन्ही एकाच रूपकात कोंबले की अस्पृश्यतेचा आर्थिक पाया अदृश्य होतो. या मालिकेची खरी मर्यादा मला येथे दिसते.

नावाचेच पाहा. आरंभीच्या अंकांत मॅग्नेटोच्या संघाचे नाव आहे 'दुष्ट म्युटंटांचा बंधुसंघ'. स्वतःला दुष्ट म्हणवून कोण संघटना काढतो? हे नाव प्रस्थापितांच्या तोंडचे आहे. 'हरिजन' नाकारून 'दलित' म्हणणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. आणखी एक गंमत. मार्व्हलचा 'ब्लॅक पँथर' हा वीर १९६६ च्या जुलैत आला, तर त्या नावाचा काळ्यांचा पक्ष त्याच वर्षी ऑक्टोबरात निघाला. १९७२ साली एका अंकात या वीराचे नाव राजकीय अर्थामुळे 'ब्लॅक लेपर्ड' केले गेले. कंपनीला जे नाव अडचणीचे झाले, तेच त्याच वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने छातीवर लावले.

आता मूळ वाद. झेवियर की मॅग्नेटो, या प्रश्नात दोनच वाटा आहेत, आर्जव किंवा युद्ध. बाबासाहेबांनी काळारामाच्या दाराशी १९३० ते १९३५ सत्याग्रह चालवला, येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी पुढे आणली, आणि मग घटना लिहिली. या वाटा त्या दोघांच्याही नकाशात नाहीत. २०१९ साली जोनाथन हिकमन या लेखकाने म्युटंटांना क्राकोआ नावाचे बेट, स्वतःचे राष्ट्र दिले. पुष्कळ वाचक हरखले. काहींना तो फुटीरपणा वाटला. २०२४ साली ते पर्व संपवून मालिका पुन्हा जुन्या वळणावर आणली गेली. महिन्याला अंक विकायचा तर द्वेष संपून चालत नाही. व्यापाराची ती गरज आहे.

तरीही जथ्याची कथा ही या मालिकेची जमेची बाजू मी मानतो. आमच्या समाजमंदिरात अमर चित्रकथेचा बाबासाहेबांवरचा १९७९ चा अंक होता, पाने सुटलेला. त्याने मला वाचनाची गोडी लावली, हे ऋण आहेच. पण एकाच वीराभोवती रचलेल्या अशा कथांत महाडला चालत गेलेले हजारो लोक मागच्या रेघा होऊन राहतात.

२०११ साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने 'भीमायन' काढले. चित्रे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. त्यात चौकोनी चौकटी नाहीत. प्रेमळ बोलणे पाखराच्या आकारात येते, जातीचे विष ओकणारे बोलणे विंचवाच्या नांगीसह. १९०१ चा प्रवासही त्यात आहे. भीम, त्याचा भाऊ आणि भाचे नवे कपडे घालून साताऱ्याहून मसूरला उतरले. वडील आपल्या खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. जात कळताच गाडीवाले मागे सरले. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर. रात्री टोलनाक्यावर पाणी मिळाले नाही. जवळ डबा असून मुले उपाशी निजली.

हे पुस्तक मी त्या दोघांना वाचायला दिले. इंग्रजी अडले तेथे सांगितले. मसूर त्यांना ठाऊक होते, पण ती गाडी आपल्या तालुक्याकडे येत होती हे ठाऊक नव्हते. पुस्तक परत देताना मॅग्नेटोवाला म्हणाला, "सर, टोलनाका नेमका कुठं असंल?" आम्ही तिघांनी जिल्ह्याचा नकाशा टेबलावर पसरला.