बिंदूंचा ढग आणि त्याची घडी

पॅरिसचे नोत्र दाम कॅथीड्रल १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी पेटले. लाकडी छप्पर जळाले, टोकदार कळस कोसळला. दगडी बांधकाम मात्र बरेचसे वाचले. आणखी एक गोष्ट वाचली, ती त्या इमारतीत नव्हतीच. अमेरिकेतील व्हासर कॉलेजात कलेचा इतिहास शिकविणारे अँड्र्यू टॅलन यांनी काही वर्षे आधी लेसरने या इमारतीचे मोजमाप करून ठेवले होते. पन्नासएक ठिकाणी यंत्र मांडून त्यांनी शंभर कोटींहून अधिक बिंदू टिपले. टॅलन २०१८ सालीच वारले. दुरुस्तीच्या वेळी हे मोजमाप कामी आले, ते पाहायला ते राहिले नव्हते.

यंत्राची करामत समजायला सोपी आहे. प्रकाशाचा एक ठोका भिंतीवर सोडायचा आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे. सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात प्रकाश सुमारे ३० सेंटिमीटर जातो. तेव्हा घड्याळ किती बारीक हवे ते पाहा! अंतर आणि दिशा कळली की त्या जागेची लांबी, रुंदी, उंची असे तीन आकडे मिळतात. तो झाला एक बिंदू. असे कोट्यवधी बिंदू मिळून जे होते त्याला पॉइंट क्लाउड म्हणतात. आपण बिंदुमेघ म्हणू.

आता हिशेब करू. एका आकड्याला ३२ बिट धरले तर एका बिंदूला ९६ बिट, म्हणजे १२ बाइट. शंभर कोटी बिंदूंना १२ गीगाबाइट, आणि त्यात रंग धरलेला नाही. एका इमारतीपुरते हे चालेल. पण नेदरलँड्सने विमानातून अख्ख्या देशाची उंची अशी मोजली आहे, आणि चालकाविना धावणाऱ्या मोटारीवरचे यंत्र दर सेकंदाला लाखो बिंदू टिपते. घडी घातल्याशिवाय हा पसारा आवरायचा कसा?

टपालखात्यात पत्रांची छाननी होते ती आठवा. साताऱ्याची पत्रे एका थैलीत गेली की ‘जिल्हा सातारा’ हे थैलीवर एकदाच लिहिले म्हणजे झाले. बिंदूंचेही तसेच. नोत्र दामची लांबी सुमारे १२८ मीटर आहे. तेवढ्या बाजूची एक चौकोनी पेटी कल्पा. तिच्या आठ खोल्या करा. खोलीत बिंदू असेल तर १, नसेल तर ०. आठ खोल्यांचे आठ बिट. रिकाम्या खोल्या तिथेच सोडून द्यायच्या, भरलेल्यांच्या पुन्हा आठ-आठ करायच्या. अशा सतरा पायऱ्या उतरलो की घर एक मिलिमीटरहून थोडे लहान होते. या मांडणीला ऑक्ट्री म्हणतात. एवढ्या बारीक घरांची पेटीतली संख्या काढली तर वीस लाखांहून अधिक घरांमागे जेमतेम एक बिंदू निघतो! बाकी सारी पोकळी, आणि तिच्याबद्दल आपण जवळजवळ काहीच लिहीत नाही.

भिंत काही सर्व दिशांना पसरलेली नसते. म्हणून आठांपैकी साधारण चारच खोल्या भरलेल्या निघतात. बिंदू दाट आहेत तोवर एका बिंदूला तीन बिटांहूनही कमी खर्च येतो. कुठे ९६ आणि कुठे ३! शिवाय जी ठेवण वारंवार येते तिला आखूड खूण देता येते. तारेच्या कडकट्टात इंग्रजी ‘ई’ला एकच टिंब होते, तीच युक्ती. (आपल्याकडची तार २०१३ साली बंद झाली, युक्ती चालूच आहे.) मार्टिन इझेनबर्ग यांची लॅसझिप ही पद्धत निराळी आहे. ती मागच्या बिंदूंवरून पुढच्याचा अंदाज बांधते आणि अंदाज किती चुकला एवढेच लिहून ठेवते. मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात.

खरी अडचण तळाच्या पायऱ्यांवर येते. तिथे बिंदू एकाकी पडतात आणि दर पायरीला ‘आठांपैकी कोणती खोली’ हे सांगायला तीन बिट मोजावे लागतात. यंत्राचीच चूक काही मिलिमीटरची असेल, तर त्याखालचे आकडे म्हणजे नुसता थरथराट. थरथराटात क्रम नसतो, अंदाज चालत नाही आणि घडी बसत नाही. सगळ्यात महाग पडतो तो हा निरुपयोगी भाग. यंत्राच्या चुकीच्याही खालचे दशांश जपून ठेवणारे लोक अचूकता नव्हे, अचूकतेचा आव जपतात, असे मला वाटते.

मग किती टाकावे? मोटारीला समोर माणूस आहे एवढे कळले तरी ब्रेक लावता येतो. बोटभर जाडीचे बिंदू एक केले तर बिघडत नाही. काही पद्धती याही पुढे जाऊन बिंदूंऐवजी पृष्ठभागाचे त्रिकोणच ठेवतात, म्हणजे ओबडधोबड भिंत सपाट धरून चालतात. चित्र दाखवायला ते छान दिसते. पण टॅलन यांना आपल्या बिंदूंत काय सापडले होते? कॅथीड्रलच्या पश्चिम टोकाचे आतले खांब एका ओळीत नाहीत. शेकडो वर्षे लोक त्या खांबांखालून गेले, कुणाच्या सहज लक्षात येऊ नये असा तो वाकडेपणा. खांब ओळीत असणारच असे धरून घडी घातली असती, तर उलगडल्यावर ते सरळ निघाले असते.