दोनशे नव्वद वॉटची पेटी

चांदवडच्या बसस्थानकाकडून रंगमहालाकडे निघालं की वाटेत संगणक दुरुस्तीचं एक अरुंद दुकान लागतं. आत टेबलावर काळं कॅबिनेट आडवं पडलंय. बाजूचा पत्रा काढलेला आहे आणि दुकानदार ब्लोअरने आतली धूळ उडवतायत. शेजारच्या स्टुलावर एक तरुण ग्राफिक्स कार्ड मांडीवर धरून बसलाय. लग्नांचं शूटिंग हा त्याचा धंदा. लग्नसराई तोंडावर आलीय, मागच्या लग्नांचे व्हिडिओ अजून हातावेगळे झालेले नाहीत, आणि ड्रोनचं फोर-के फुटेज टाइमलाइनवर टाकलं की त्याचा संगणक जागच्या जागी अडखळतो.

मी माझा लॅपटॉप न्यायला आलोय, पण तो विषय मागेच पडलाय. सगळ्यांचे डोळे त्या पेटीत आहेत.

"स्लॉटमध्ये बसलं भाऊ, पंखाबी फिरतो. पण काम करू नाही राहिलं. पॉवरची वायर जोडायला लागते म्हणे."

"मग जोडायला वायर आहे का आत?"

तरुण खिशातून एक पिवळी-काळी तार काढतो. ऑनलाइन मागवलेला कन्व्हर्टर आहे. एका टोकाला हार्ड डिस्कला लागतो तसला साटाचा चपटा प्लग, दुसऱ्या टोकाला कार्डासाठी आठ पिना.

दुकानदार तार हातात घेतात, उलटसुलट पाहतात आणि बाजूला ठेवतात. "ही नाही लावायची."

कार्ड आहे जीटीएक्स १६६० सुपर, २०१९ सालचं, पुण्याच्या एका मुलाकडून जुनं घेतलेलं. खातं १२५ वॉट. पेटी एका मोठ्या कंपनीची, कुठल्याशा ऑफिसातून बदलून निघालेली, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह असलेली. मुंबई-पुण्याची ऑफिसं संगणक बदलतात, जुन्यांचे लॉट विकले जातात, आणि त्यातले काही आग्रा रोडने इथवर पोहोचतात. इथे त्यांना पुढची कित्येक वर्षं काम मिळतं. मला ही फार मोलाची गोष्ट वाटते. भंगारात गेली असती अशी चांगली यंत्रं गावात कुणाचं तरी पोट चालवतात.

तरुणाने हिशेब केलेला आहे, आणि तो चुकीचाही नाही. पेटीला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवरच्या स्टिकरवर २९० वॉट छापलंय. प्रोसेसर ८४, कार्ड १२५, म्हणजे २०९. "ऐंशी उरतात ना भाऊ?"

"उरतात. पण कार्डापर्यंत जाणार कसे?"

मग ते स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने एकेक जागा दाखवत जातात. मदरबोर्डवरचा लांब स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. त्यापुढचं कार्डाला थेट एसएमपीएसकडून लागतं, आणि या एसएमपीएसमधून कार्डासाठी तार निघतच नाही. ऑफिसात टायपिंग आणि हिशेब करायला बनवलेल्या यंत्राला ती लागणार नाही, असं बनवणाऱ्याने तेव्हाच ठरवून टाकलंय. राहिला तो कन्व्हर्टर. साटाच्या प्लगमध्ये बारा व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीची ताकद दीड अँपिअर. साडेचार गुणिले बारा, चोपन्न वॉट. कार्डाच्या आठ पिनांच्या तारेकडून मात्र दीडशे वॉटची अपेक्षा असते, आणि कार्ड स्लॉटमधून पूर्ण ७५ घेईलच असं नाही, बरंचसं ते तारेतूनच ओढतं.

"आणि इथे बघ." ते हार्ड डिस्कची तार बोटाने मागे नेत जातात. ती एसएमपीएसमध्ये जात नाही, मदरबोर्डवरच्या एका छोट्या सॉकेटात जाते. या जातीच्या पेटीत एसएमपीएस मुख्यतः बारा व्होल्टच पुरवतो. पाच आणि ३.३ व्होल्ट मदरबोर्ड स्वतः तयार करतो आणि डिस्कला वाटतो. म्हणजे कन्व्हर्टर लावला तर कार्डाचा सगळा भार मदरबोर्डवरच्या बारीक तांब्याच्या रेषांवरून जाईल. दुकानदार ड्रॉवरमधून एक प्लग काढून तरुणाच्या हातावर ठेवतात. पांढरं प्लॅस्टिक वितळून तपकिरी झालंय, एक पिन आत धसलीय. तो कुणाचा, कधीचा, ते सांगत नाहीत. तरुण प्लग बराच वेळ न्याहाळतो आणि मग आपली तार पुन्हा मागत नाही.

"मग एसएमपीएसच नवा टाकू. साडेचारशेचा."

दुकानदार फळीवरून नवा एसएमपीएस काढून त्याचा मुख्य प्लग मदरबोर्डजवळ धरतात. प्लगला चोवीस पिना आहेत. बोर्डवर सॉकेट आहे आठ पिनांचं.

इथे मला राहवत नाही. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा नमुना ठरवला तो याचसाठी की कुणाचाही एसएमपीएस कुणाच्याही बोर्डला बसावा. मोठ्या कंपन्यांनी आपल्या तयार संगणकांत तो सोडला. त्यामागे कारण नाही असं नाही; फक्त बारा व्होल्ट पुरवले तर वीज वाया कमी जाते, आणि पुढे इंटेलने स्वतःच तसा दहा पिनांचा नमुना जाहीर केला. पण मधल्या काळात एका कंपनीने आठ पिना घेतल्या, एकीने सहा, एकीने चौदा. कुठली पिन काय करते हे पेटीवर कुठेच छापलेलं नसतं. त्यात बोर्डवरच्या आठ पिना, प्रोसेसरच्या आठ पिना आणि कार्डाच्या आठ पिना वरवर सारख्या दिसतात, आतल्या जोडण्या मात्र वेगवेगळ्या. जोर लावून चुकीचा प्लग बसवला तर बारा व्होल्टच्या जागी ग्राउंड येतं आणि बोर्ड जातो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारं आहेत, मोबाइल-टॅब्लेट आहेत. टेबलावरच्या संगणकाच्या पिनांचा तक्ताही त्याच हक्काने मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

चोवीस-ते-आठ जोडणी मिळते, दुकानदार सांगतात, पण नाशिकहून मागवून, प्रत्येक पिन मीटरने तपासूनच लावायची. तरुणाला तेवढी सवड नाही.

ते आधी त्याचं कार्ड आपल्या बाकावरच्या असेंबल केलेल्या मशीनमध्ये लावून बघतात. चित्र लगेच येतं. कार्ड शाबूत आहे. तरुणाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. पुण्याच्या मुलाने फसवलं नाही, हे त्याला पैशांइतकंच महत्त्वाचं दिसतंय.

"मित्र म्हणतो रेडिऑनचं सहा हजार चारशे नंबरचं कार्ड घे. वायर लागत नाही."

"नाही लागत. त्रेपन्न वॉटच खातं. पण त्यात व्हिडिओ एन्कोडरच नाही. तुझं काम काय? व्हिडिओ बनवायचं." शिवाय ते कार्ड चारच लेनवर चालतं, जुन्या बोर्डवर त्याचा वेग आणखी पडतो. आणि १०५० टीआय? तेही स्लॉटवरच भागतं, पण एनव्हिडियाने त्या पिढीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलेत. आता फक्त सुरक्षेपुरते येत राहतील. उरतं ते जीटीएक्स १६५०, वायर न लागणाऱ्या प्रकारातलं, ७५ वॉटचं. दुकानात एक आहे, वापरलेलं. त्यातही सहा पिनांचं सॉकेट असलेले प्रकार येतात, म्हणून दुकानदार कार्डाची कड तरुणाला फिरवून दाखवतात. सॉकेट नाही.

कार्ड बसतं. बटण दाबलं जातं. पंखा फिरतो, स्क्रीन काळीच.

मॉनिटरची तार अजून मदरबोर्डच्याच व्हीजीएमध्ये आहे. कार्ड लागलं की अशा पेट्या बोर्डवरचं चित्र बंद करतात. पण तार कार्डाला लावायची तर कार्डाला व्हीजीएच नाही. दुकानदार स्वतःचा एचडीएमआय मॉनिटर सरकवतात. तरीही काळीच.

कार्ड काढून ते पुन्हा बोर्डवरच्या चित्रावर पेटी चालू करतात आणि बायोसची, म्हणजे बोर्डच्या मूळ प्रोग्रामची, तारीख वाचतात: २०१३. कार्ड २०१९ चं. "हे याला ओळखतच नसेल." कंपनीच्या संकेतस्थळावर त्यानंतरच्या आवृत्त्या आहेत. पेनड्राइव्ह तयार होतो, पण दुकानदार अपडेट सुरू करत नाहीत. ते आधी यूपीएसवरचे दिवे बघतात. बायोस लिहिला जात असताना लाइट गेली तर बोर्ड तिथेच मरतो, आणि इथे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. बॅटरी पूर्ण भरेपर्यंत थांबायचं ठरतं. चहा येतो. बाहेरून कांद्याच्या गोण्या भरलेला ट्रॅक्टर जातो, काच थरथरते, आणि तरुण उगाच यूपीएसच्या प्लगकडे बघतो.

अपडेट सुरू झाल्यावर कुणी बोलत नाही. पट्टी सरकते, पेटी स्वतःच बंद होऊन पुन्हा उठते. कार्ड परत आत जातं. या वेळी स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह उमटतं.

"आलं!"

ड्रायव्हर चढतो. तरुण पेनड्राइव्हवरचं एका हळदीचं फुटेज उघडतो. नवरीच्या करवल्या नाचतायत आणि एकही फ्रेम अडकत नाही. दुकानदार मात्र खालच्या कोपऱ्यात डिस्कचा आलेख बघतायत. तो शंभरावर टेकलाय. "आता अडेल ते या जुन्या हार्ड डिस्कवर. पुढच्या पैशात एसएसडी घे. आणि विंडोज अकरा या प्रोसेसरला अधिकृतपणे मिळणार नाही, ते ध्यानात ठेव. दहाचा आधार २०२५ च्या ऑक्टोबरातच संपला, तेव्हा लग्नांचे मास्टर व्हिडिओ वेगळ्या डिस्कवर ठेवत जा."

१६६० सुपर दुकानातच विक्रीला ठेवायचं ठरतं. पैशांचं बोलणं चालू असतानाच तरुण रेडिऑन सुचवणाऱ्या त्या मित्राला व्हिडिओ कॉल लावतो. मित्र वडाळीभोईला असतो, त्याच कंपनीची पेटी वापरतो, आणि त्याने स्वतःसाठीही असंच कार्ड बघून ठेवलंय.

"पैसे पाठवले का रे?"

"संध्याकाळी पाठवतो."

"थांब. भाऊंना पेटी दाखव आधी."

फोनच्या पडद्यावर पेटी येते. ती याच्यापेक्षा कितीतरी सडपातळ आहे. दुकानदार चष्मा वर करून फोन जवळ घेतात. "दादा, पत्रा उघड. आता स्लॉटपासून वरच्या कडेपर्यंत पट्टी लाव आणि आकडा सांग."

बराच वेळ खुडबुड ऐकू येते.

"सात सेंटिमीटर भरतंय."

"मग हे कार्ड उभंच राहणार नाही त्यात. लो-प्रोफाइल लागेल, बुटका ब्रॅकेट सोबत आहे का ते विचार. आणि एसएमपीएसवरच्या स्टिकरचा फोटो पाठव, दुकान बंद करायच्या आत."