सोनेरी गोळीतला मासा

"बाई, एफ-आय-एस-एच, फिश म्हणजे मासाच ना?"

मधल्या सुट्टीत चौथीतल्या एका मुलानं मला हे विचारलं. मला वाटलं, इंग्रजीचा अभ्यास चाललाय. पण त्याचा चेहरा अगदी रडवेला झाला होता. मग हळूहळू सगळी हकिगत कळली. त्याच्या काकांनी पुण्याहून आजोबांसाठी एक बाटली आणली होती. आत मधाच्या रंगाच्या मऊ, पारदर्शक गोळ्या. "हृदयाला चांगल्या असतात," एवढंच सांगून काका परत गेले. आजोबा पंधरा दिवस रोज एक गोळी घेत होते.

आणि आजोबा आहेत माळकरी! आषाढीच्या वाटेवर माऊलींची पालखी आमच्या माळशिरसला मुक्कामी येते, तेव्हा त्यांच्या ओसरीवर वारकऱ्यांची पंगत बसते. अशा घरात नातवानं बाटलीवरची अक्षरं जुळवून वाचली, तर आत निघाला मासा!

"आजोबांना सांगू का नको?" हा त्याचा खरा प्रश्न होता. मुलांनो, तुम्ही काय केलं असतं?

मी म्हटलं, सांगायचं. संध्याकाळी मीही त्याच्याबरोबर गेले. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. डोळे मिटून "विठ्ठल, विठ्ठल" म्हणाले. "नकळत झालं. पांडुरंग समजून घेईल. पण बाई, माशाच्या तेलाचा आणि हृदयाचा संबंध काय?"

प्रश्न मोठा छान होता. मग ओसरीवरच आमची शाळा भरली.

थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठलेली तुम्ही पाहिली असेल. थंडगार समुद्रात माशाच्या अंगातली चरबी अशी घट्ट झाली, तर तो पोहणार कसा? म्हणून त्याच्या चरबीत गारठ्यातही पातळ राहणारे घटक असतात. त्यातल्या दोघांची नावं ईपीए आणि डीएचए. ही ओमेगा-३ या घराण्यातली भावंडं. गंमत म्हणजे मासा ती स्वतः फारशी तयार करत नाही. समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ ती तयार करतं. शेवाळ बारीक जीव खातात, त्यांना छोटे मासे आणि छोट्यांना मोठे. कोकणातल्या तारलीत आणि बांगड्यात हे तेल चांगलं असतं. आमच्या उजनीच्या चिलापीत मात्र अगदी थोडं. पूर्वी किनाऱ्यावरचे लोक तारलीचं तेल होड्यांच्या लाकडाला चोपडत, लाकूड कुजू नये म्हणून! (आणि लहान मुलांना नाक दाबून पाजत ते कॉडलिव्हर तेल निराळं, बरं का. ते कॉड माशाच्या यकृताचं. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं, म्हणून मुडदूस होऊ नये यासाठी ते देत.)

आता हृदयाकडे वळू. १९७० च्या सुमारास बँग आणि डायरबर्ग हे डेन्मार्कचे दोन डॉक्टर ग्रीनलंडला गेले. तिथले इन्युइट लोक सील, व्हेल आणि मासे खाऊन राहत. एवढी चरबी खाऊनही त्यांना हृदयविकार फारसा होत नाही, असा समज होता. डॉक्टरांनी त्यांचं रक्त तपासलं आणि त्याचं श्रेय माशांच्या चरबीला दिलं. झालं! जगभर माशाच्या तेलाचा बोलबाला सुरू झाला. पुढे २०१४ साली कॅनडातल्या संशोधकांनी जुने कागद पुन्हा चाळले. तेव्हा दिसलं की इन्युइटांमध्ये हृदयविकार किती आहे, हे त्या दोघांनी स्वतः मोजलंच नव्हतं.

मग मोजायचं कसं? अमेरिकेत २५,८७१ माणसं घेतली. निम्म्यांना रोज १ ग्रॅम माशाचं तेल, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. कुणाला कोणती, हे कुणालाच माहीत नाही. पाचेक वर्षांनी, म्हणजे २०१८ साली निकाल लागला. हृदयाचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू एकत्र मोजले, तर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

त्याच वर्षी दुसऱ्या एका चाचणीत मात्र फायदा दिसला. पण तिथे माणसं निराळी होती. त्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड नावाची चरबी जास्त होती आणि हृदयविकार तरी होता किंवा त्याचा धोका तरी होता. औषधही निराळं. शुद्ध केलेलं ईपीए, रोज ४ ग्रॅम, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यातही काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले.

मी नातवाला बाटली वाचायला लावली. पुढे ठळक अक्षरांत १००० मिलिग्रॅम. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत ईपीए १८०, डीएचए १२०. म्हणजे कामाचं ३०० आणि उरलेलं ७०० दुसरीच चरबी. मग घातलं गणित. रोज ४००० मिलिग्रॅम ईपीए हवं, तर अशा किती गोळ्या? पोरानं पाटीवर भागाकार केला आणि ओरडला, "बावीसच्या वर!" आजोबा खो खो हसले.

मी उठणार, तोच आतून आजींचा आवाज आला, "मग यांची बीपीची गोळी परत सुरू करायची का?"

माझ्या पोटात धस्स झालं. हृदयाची एक गोळी चालू आहे, मग दुसरी कशाला, असं म्हणून आजोबांनी डॉक्टरांची गोळी पंधरा दिवसांपासून बंद केली होती! मासा पोटात गेला यापेक्षा हे कितीतरी भयंकर. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या मुलानं त्यांना दवाखान्यात नेलं. रक्तदाब चांगलाच चढला होता. डॉक्टरांनी जुनी गोळी पुन्हा सुरू केली आणि बजावलं, घरात कुठलीही नवी बाटली आली की आधी मला दाखवायची. रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल तर विशेषच.

आजोबांनी मला आणखी एक विचारलं होतं, "माळकऱ्यानं मग काय खावं?" आमच्या सोलापूरकडच्या जवसात ओमेगा-३ घराण्यातलाच एक भाऊ असतो. आपलं शरीर त्याचं ईपीए-डीएचए करतं, पण फारच थोडं. म्हणून जवस हे औषध नव्हे, पण भाकरीबरोबर त्याची चटणी उत्तम. शेवाळापासून काढलेलं तेलही मिळतं, मात्र गोळीचं मऊ कवच पुष्कळदा जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं. तेव्हा तेही वाचून पाहावं लागतं.

चार दिवसांनी तोच मुलगा माझ्या टेबलावर एक डबा ठेवून गेला. आत जवसाची चटणी होती, लसूण घालून खमंग कुटलेली. "आजोबांनी दिलीय," तो म्हणाला, "आणि सांगितलंय, बाईंना म्हणावं, वाचायची गरज नाही, यात मासा नाही."