घरातली ड्युटी सुटते केव्हा?

इगतपुरी हे रेल्वेचे गाव. ड्युटी केव्हा लागली, केव्हा सुटली, हे घरात सर्वांना ठाऊक असते. २०२० च्या टाळेबंदीपासून घरूनच संगणकावर नोकरी करणाऱ्यांना मात्र सुटण्याची वेळच नाही. काहीजण रात्री स्वतःचे ई-मेल साप्ताहिकही चालवतात. वाचक वाढतात, झोप घटते. मान आखडली, डोळे चुरचुरतात म्हणून ते माझ्याकडे येतात. मला काळजी वाटते ती पक्षाघाताची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले, की आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांपेक्षा, हा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो. तेव्हा नोकरी आणि साप्ताहिक, दोन्हींचे तास एकत्र मोजा. अर्ध्या तासाने उठा. रक्तदाब तपासून घ्या. रात्री ठरल्या वेळी संगणक बंद करा. वाचक सकाळपर्यंत थांबतील.